एकाच प्लॉटची दर १५ दिवसांनी घेतलेली मापं: तारखेनिहाय वेगळं ॲनोव्हा करायचं की काळ मॉडेलमध्ये घ्यायचा?

काळीमाती

नमस्कार, एमएस्सी ॲग्रोनॉमीचं शेवटचं वर्ष आहे, थिसिसचं विश्लेषण चालू आहे आणि एका जागी पार अडकलेय म्हणून इथे विचारते.

ट्रायल खरिपातल्या सोयाबीनची. आरबीडी (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून मांडणं), ४ ट्रीटमेंट, ५ रेप्लिकेशन (म्हणजे असे ५ गट), म्हणजे २० प्लॉट. ट्रीटमेंट म्हणजे पानांवरची फवारणी, तीन प्रकारची अन्नद्रव्यं आणि चौथा कंट्रोल, त्यावर नुसतं पाणी फवारलं. फवारण्या पेरणीनंतर ३५ आणि ५५ व्या दिवशी. निरीक्षणं १५, ३०, ४५, ६०, ७५, ९० दिवसांना. उंची प्रत्येक प्लॉटमधल्या टॅग लावलेल्या त्याच ५ झाडांची, आणि ड्राय मॅटरसाठी दर वेळी वेगळी ५ झाडं उपटून ओव्हनमध्ये सुकवून वजन.

आमच्याकडची पद्धत म्हणजे दर तारखेचं वेगळं आरबीडी ॲनोव्हा (ट्रीटमेंटमधला फरक प्लॉट-प्लॉटमधल्या योगायोगाच्या फरकाशी, म्हणजे एररशी, ताडून बघणं), पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकातल्या पद्धतीने, खाली एसईएम (सरासरीची स्टँडर्ड एरर) आणि सीडी (दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक असला तरच तो सिग्निफिकंट), झालं. तसं केलं तर ड्राय मॅटरमध्ये १५ आणि ३० ला काहीच नाही, ४५ ला सिग्निफिकंट (फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नाही), ६० ला एनएस (नॉन-सिग्निफिकंट), ७५ ला परत सिग्निफिकंट, ९० ला एनएस. कमिटीतल्या एका सरांनी विचारलं की "४५ ला परिणाम झाला, ६० ला गेला आणि ७५ ला परत आला, असं तू लिहिणार आहेस का? आणि काळाचं काय केलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

मग मी तारीख हा दुसरा फॅक्टर धरून सगळ्या १२० आकड्यांवर एकच फॅक्टोरियल ॲनोव्हा चालवून बघितलं तर सगळंच सिग्निफिकंट आलं, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) इतकी लहान की विश्वासच बसेना. एक मैत्रीण म्हणते रिपीटेड मेझर्स ॲनोव्हा कर, तिचा भाऊ म्हणतो मिक्स्ड मॉडेल कर, आणि दोघंही का ते सांगत नाहीत.

अजून एक भानगड आहे. साठाव्या दिवशी पाऊस लागला, काळं रान, वापसाच नाही, पाय गुडघ्यापर्यंत आत जात होते, त्यामुळे पहिली दोन रेप्लिकेशन ६० व्या दिवशी झाली आणि उरलेली तीन ६४ व्या दिवशी. शीटमध्ये मात्र सगळीकडे ६० च लिहिलंय. याने काही फरक पडतो का?

---

बांधावरून

ताई, आधी घाबरू नकोस, तारखेनिहाय टेबल सगळेच देतात, चुकीचं म्हणून कोणी फेकून देणार नाही. दर तारखेला २० प्लॉट, एरर डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे एररच्या अंदाजामागची स्वतंत्र माहिती) १२, ते गणित स्वतःपुरतं बरोबर आहे.

पण ती १२० आकड्यांची फॅक्टोरियल तेवढी थिसिसमध्ये घालू नकोस. तिथे एरर डीएफ ९२ येतो, बरोबर ना? ११९ वजा रेप्लिकेशनचे ४, ट्रीटमेंटचे ३, तारखेचे ५, इंटरॅक्शनचे (ट्रीटमेंटचा परिणाम तारखेप्रमाणे बदलतो का, त्याचे) १५. म्हणजे ट्रीटमेंटचा फरक तू ९२ डीएफच्या एररवर तपासलास, आणि शेतात प्लॉट होते फक्त २०. एकाच प्लॉटला सहा वेळा मोजल्याने सहा प्लॉट होत नाहीत. सगळं सिग्निफिकंट येण्याचं कारण हेच.

आणि शीटमध्ये ६४ च्या जागी ६० लिहिलंय ते आजच दुरुस्त कर. फील्ड बुकमध्ये खरी तारीख असेलच. त्यावर मी नंतर सविस्तर लिहितो, आत्ता बियाणं चाळायला माणसं आलीत.

---

चलपद

बांधावरून यांनी डीएफचं सांगितलं ते अगदी बरोबर, आता उरलेलं मी सांगतो, लांबेल पण सरांचा प्रश्न चांगला आहे म्हणून नीट लिहितो.

पहिली गोष्ट, "४५ ला आहे, ६० ला नाही" या दोन निकालांची तुलना करून परिणाम गेला असं म्हणता येत नाही. एका तारखेला पी ०.०४ आणि दुसऱ्या तारखेला ०.०७ आली तर मधला फरक स्वतः सिग्निफिकंट आहे की नाही हे कुठे तपासलं? कुठेच नाही. ते तपासतं ट्रीटमेंट × तारीख हे इंटरॅक्शन, आणि वेगवेगळ्या सहा ॲनोव्हात ते इंटरॅक्शन नसतंच. शिवाय सहा वेळा ५ टक्क्यावर टेस्ट केली की एखादी तरी खोटी सिग्निफिकंट निघायची शक्यता, तारखा एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर, २६ टक्क्यांच्या वर जाते. तुझ्या तारखा स्वतंत्र नाहीत त्यामुळे नेमका आकडा वेगळा असेल, पण ५ टक्के नक्की नाही.

म्हणून मी कोणत्याही विद्यार्थ्याला आधी हेच विचारतो की काळाबद्दल तुला नक्की काय जाणून घ्यायचंय? फवारणीने वाढीचा वेग बदलला का? की शेवटी पोचलेली पातळी बदलली? की झाड लवकर तिथे पोचलं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हीसाठी काळ मॉडेलमध्ये वेगळ्या रूपात येतो. मैत्रिणीचा भाऊ आणि मैत्रीण दोघं बरोबर असू शकतात, ते प्रश्नावर ठरेल.

आता रिपीटेड मेझर्स म्हणजे काय ते बघ. तुला स्प्लिट प्लॉट येतंच, मोठा प्लॉट एका ट्रीटमेंटला आणि त्याचे तुकडे दुसरीला. मेन प्लॉटला ट्रीटमेंट, सब प्लॉटच्या जागी तारीख, याला स्प्लिट प्लॉट इन टाइम म्हणतात. मग ट्रीटमेंट तपासली जाते १२ डीएफच्या एररवर, आणि तारीख व इंटरॅक्शन ८० डीएफच्या दुसऱ्या एररवर. फॅक्टोरियलपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. पण खऱ्या स्प्लिट प्लॉटमध्ये सब प्लॉटची जागा आपण चिठ्ठ्या टाकून ठरवतो, तारखांच्या चिठ्ठ्या टाकता येतात का? ३० नंतर ४५ च येणार. त्यामुळे शेजारच्या दोन तारखांचे आकडे एकमेकांसारखे असतात आणि लांबच्या तारखांचे कमी सारखे. स्प्लिट प्लॉट मात्र धरून चालतं की १५ आणि ३० चं नातं जेवढं घट्ट तेवढंच १५ आणि ९० चं. हे गृहीतक मोडलं की इंटरॅक्शनची पी-व्हॅल्यू खरी असते त्यापेक्षा लहान दिसते.

यावरचा जुना उपाय म्हणजे ग्रीनहाउस-गायसर करेक्शन, १९५९ सालचं. ते एप्सिलॉन नावाचा एक आकडा काढतं (गृहीतक जेवढं मोडलं तेवढा तो १ पेक्षा लहान) आणि त्याने दोन्ही डीएफना गुणतं. सहा तारखांना एप्सिलॉन सगळ्यात वाईट म्हणजे १/५, तेव्हा १५ आणि ८० चे होतात ३ आणि १६. एवढा फरक पडतो! मॉचलीची टेस्ट (१९४०) करून गृहीतक तपासा असं सांगतात, पण २० प्लॉटांत तिला ताकद फार नसते, ती एनएस आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, सरळ करेक्शन लाव.

नवा उपाय म्हणजे मिक्स्ड मॉडेल (ट्रीटमेंटच्या परिणामासोबत प्लॉट-प्लॉटमधला योगायोगाचा फरकही धरणारं), लेअर्ड आणि वेअर यांनी १९८२ मध्ये मांडणी केली तेव्हापासून रुळलेला. यात तारखांमधलं नातं (कोरिलेशन) कसं आहे ते आपण सांगू शकतो. उदाहरणार्थ एआर-वन, म्हणजे अंतर वाढेल तसं नातं त्याच पटीने सैल होत जातं: १५ दिवसांच्या अंतराला कोरिलेशन ०.८ असेल तर ३० दिवसांना ०.६४, ४५ ला ०.५१, असं उतरत ७५ दिवसांच्या अंतराला ०.३३. पिकाच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे.

आणि एक इशारा, कारण हे सगळ्यात जास्त वेळा सुटतं. मिक्स्ड मॉडेल म्हणून लोक नुसतं रँडम इंटरसेप्ट (प्रत्येकाची पातळी वेगळी, पण उतार सगळ्यांचा एकच) टाकतात आणि निवांत होतात. आर या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई४ पॅकेजसोबत स्लीपस्टडी नावाचा डेटा येतो, १८ माणसं, रोज रात्री अंथरुणात फक्त ३ तास, १० दिवसांच्या रिॲक्शन टाइमच्या नोंदी. तीन पद्धतींनी चालवून बघ. साधं रिग्रेशन, रँडम इंटरसेप्ट, आणि रँडम इंटरसेप्ट अधिक रँडम स्लोप (उतारही प्रत्येकाचा वेगळा). तिन्हीत उतार तोच येतो, दिवसाला १०.४७ मिलिसेकंद. पण स्टँडर्ड एरर (त्या अंदाजातली अनिश्चितता) अनुक्रमे १.२४, ०.८० आणि १.५५! रँडम इंटरसेप्ट टाकल्यावर आपल्याला उताराची खात्री वाढल्यासारखी वाटते, आणि प्रत्येक माणसाचा स्वतःचा उतार वेगळा असतो हे मान्य केलं की तीच खात्री जवळजवळ निम्मी होते. काहींची गती भराभर मंदावत गेली, काहींना फारसा फरकच पडला नाही, आणि तो फरक मॉडेलला सांगितलाच नाही तर मॉडेलला तो कुठून कळणार. तुझ्याकडे माणसांच्या जागी प्लॉट, बाकी तेच.

उंचीबद्दल एक, ५ झाडांची सरासरी काढून प्लॉटचा एकच आकडा घे. ६०० ओळी करून बसू नकोस, ट्रीटमेंट प्लॉटला दिली आहे, झाडाला नाही. ड्राय मॅटरला झाडं दर वेळी वेगळी असली तरी प्लॉट तोच आहे, म्हणून तेही रिपीटेडच.

---

ओपीडीनंतर

मी शेतीतली नाही, कम्युनिटी मेडिसिनमधली आहे, पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा म्हणून लिहिते. आमच्याकडे बीपीच्या फॉलो-अपला पेशंट १ महिना, ३ महिने, ६ महिने असं बोलावतो आणि तो येतो कापणी झाल्यावर नाहीतर जत्रा झाल्यावर. त्यामुळे ठरलेला दिवस आणि खरा दिवस असे दोन कॉलम ठेवायचेच, याबद्दल चर्चाच नको. विश्लेषणात खरा दिवस आकडा म्हणून घेता येतो, ठरलेली व्हिजिट फॅक्टर म्हणून घेता येते, पण खरा दिवस लिहिलाच नसेल तर दोन्हीतलं निवडायची सोय राहत नाही.

अंतरं सारखी नसतील तर चलपद यांनी सांगितलेलं एआर-वन जसंच्या तसं लावायचं नाही, कारण ते पहिली, दुसरी, तिसरी व्हिजिट एवढंच मोजतं, मधे किती दिवस गेले ते त्याला कळत नाही. त्याचं सलग काळाचं रूप असतं, कोरिलेशन दिवसांच्या अंतरावर चालतं, ते घ्यायचं. आर मधला चिकवेट डेटा बघा, ५० कोंबडीची पिल्लं, ४ खाद्यं, वजनं ०, २, ४ असं करत २० व्या दिवसापर्यंत आणि मग शेवटचं २१ व्या दिवशी. शेवटचं अंतर एकच दिवसाचं! ज्याने तारखांना १ ते १२ असे नंबर दिले त्याला शेवटी वाढ एकदम मंदावलेली दिसणार.

त्याच डेटात दुसरा धडा पण आहे. ६०० नोंदी हव्या होत्या, आहेत ५७८, कारण शेवटपर्यंत ४५ च पिल्लं आहेत, आणि गळालेल्या पाचातली चार पहिल्या खाद्यावरची. तारखेनिहाय सरासरी काढली तर सुरुवातीची सरासरी सगळ्यांची आणि शेवटची फक्त उरलेल्यांची, मग ती रेष कोणाची म्हणायची? क्लासिक रिपीटेड मेझर्स ॲनोव्हा तर एक नोंद नसली की ते पिल्लूच काढून टाकतं. मिक्स्ड मॉडेल असलेल्या नोंदी वापरतं, आमच्या क्लिनिकल ट्रायल्सवाल्यांना ते आवडण्याचं मोठं कारण हे. अर्थात जो गळाला तो का गळाला हे त्याच्या आधीच्या आकड्यांतून समजण्यासारखं असेल तरच ते चालतं.

काळाचा शून्य कुठे धरता तेही बघा हं. पॉटहॉफ आणि रॉय यांचा १९६४ चा प्रसिद्ध डेटा आहे, १६ मुलगे आणि ११ मुली, ८, १०, १२, १४ या वयांना कवटीच्या एक्स-रेवरचं एक अंतर मोजलेलं. वय तसंच ठेवून रेषा बसवली तर इंटरसेप्ट मुलींचा १७.३७ आणि मुलग्यांचा १६.३४, म्हणजे मुलींचं अंतर १ मिलिमीटरने जास्त. तेच वयातून ११ वजा करून बसवा, मुलगे २.३२ ने पुढे! उतार तेच, डेटा तोच. पहिला आकडा शून्य वयाचा आहे, जिथे कोणी मोजलेलंच नाही. सॉफ्टवेअर ग्रुपचा मुख्य फरक म्हणून छापतं तो शून्यावरचा फरक असतो, आणि थिसिसमध्ये लोक तोच सरसकट फरक म्हणून लिहितात, हे मी इतक्या व्हायव्हांत ऐकलंय की आता पहिला प्रश्न मी तोच विचारते.

---

काळीमाती

खूप खूप आभार, दोन वर्षांत कोणी असं समजावलं नव्हतं. मॅडम, तुमचा शून्याचा मुद्दा वाचून मी चमकलेच, कारण सोयाबीनला शून्य दिवशी उंचीही शून्य आणि ड्राय मॅटरही शून्य, मग इंटरसेप्टला अर्थ काय?

आता तीन प्रश्न. एक, फवारणी ३५ व्या दिवशी आहे, मग १५ आणि ३० चे आकडे या मॉडेलमध्ये घ्यायचे का? दोन, ड्राय मॅटर १५ दिवसांना अगदी थोडं आणि ७५ ला पुष्कळ, आणि प्लॉट-प्लॉटमधला फरकही तसाच वाढत जातो, एकच एरर धरायचा कसा? तीन, वाढ सरळ रेषेत नाहीच, आधी हळू, मग एकदम, मग थांबते, आणि ९० ला तर पानगळ झाल्यामुळे ड्राय मॅटर उतरलंय.

---

चलपद

पहिला प्रश्न तू विचारलास हे फार बरं झालं, मूळ पोस्टमध्ये फवारणीची तारीख वाचून मी थांबलोच होतो पण उत्तर आधीच लांबलं होतं.

१५ आणि ३० दिवसांना ट्रीटमेंट दिलेलीच नव्हती. त्या दोन तारखा ट्रीटमेंट × तारीख मध्ये घातल्यास तर इंटरॅक्शन येईलच, कारण फवारणीआधी फरक नाही आणि नंतर आहे, एवढंच ते सांगणार. आणि ट्रीटमेंटचा सरासरी परिणाम सहा तारखांवर पसरून पातळ होणार, ज्यातल्या दोन तारखांना परिणाम असणं शक्यच नाही. स्लीपस्टडीतसुद्धा हेच आहे, त्याच्या माहितीत लिहिलंय की ० आणि १ हे दिवस सरावाचे, २ रा दिवस बेसलाइन, झोप कमी करणं त्यानंतर सुरू. तरी जगभर लोक ० ते ९ अशी सरळ रेष मारतात, मी वर दिलेले आकडेही तसेच सगळ्या १० दिवसांचे आहेत, ते पद्धतींची तुलना दाखवायला ठीक पण झोपेच्या परिणामाबद्दल बोलायचं तर पहिले दोन दिवस वगळून शून्य दुसऱ्या दिवसावर न्यायला हवा.

तुझ्यासाठी शून्य म्हणजे पहिली फवारणी. पेरणीनंतरच्या दिवसांतून ३५ वजा कर, म्हणजे तुझ्या निरीक्षणांचे दिवस होतात १०, २५, ४०, ५५. शून्याला आता अर्थ आला. आणि ३० व्या दिवसाचा प्लॉटचा आकडा कोव्हेरिएट म्हणून घे, जो प्लॉट आधीपासूनच जोमात होता त्याचा जोम फवारणीच्या खात्यात जमा व्हायला नको. दुसरी फवारणी ५५ ला आहे म्हणजे ४५ चं निरीक्षण एका फवारणीचं आणि पुढची दोन फवारण्यांची, हे लिहिताना विसरू नकोस, वाचणाऱ्याला ते टेबलवरून कळत नाही.

दुसरा प्रश्न, वाढत जाणारी व्हेरिअन्स (आकड्यांचा पसारा). सोपा उपाय म्हणजे ड्राय मॅटरचा लॉग घे. ॲग्रोनॉमीत तो परका नाही, आरजीआर (सापेक्ष वाढीचा वेग) तू काढतेसच ना, दोन वजनांच्या लॉगमधला फरक भागिले दिवस. व्ही. एच. ब्लॅकमन यांनी १९१९ मध्ये वाढीला चक्रवाढ व्याजाचा नियम लावला तिथून हे आलंय. लॉगवर रेष बसवली की तिचा उतार म्हणजेच आरजीआर, आणि ट्रीटमेंट × दिवस म्हणजे आरजीआरमधला फरक. कमिटीला हे लगेच पटेल कारण शब्द त्यांच्याच ओळखीचा आहे.

तिसरा. इथे तुझं नशीब चांगलं आहे, आर च्या एनएलएमई पॅकेजमध्ये सोयाबीनचाच डेटा आहे. ४८ प्लॉट, दोन जाती, एक फॉरेस्ट ही व्यापारी जात आणि एक प्रायोगिक वाण, १९८८, १९८९, १९९० असे तीन हंगाम, पेरणीनंतरचे दिवस आणि झाडामागे पानांचं सरासरी वजन, ४१२ नोंदी. दर आठवड्याच्या आसपास प्लॉटमधून सहा झाडं काढून वजन, म्हणजे तुझ्यासारखंच झाडं वेगळी आणि प्लॉट तोच. त्यावर लॉजिस्टिक वक्र बसवतात, तीन पॅरामीटर: वरची पातळी, अर्ध्या पातळीला पोचायचा दिवस, आणि वक्र किती ताठ. माझे सुरुवातीचे तीन प्रश्न आठव, पातळी, लवकर, वेग, तेच तीन. आणि व्हेरिअन्स अंदाजित वजनाच्या घातांकाने वाढते असं सांगायची सोय त्याच पॅकेजमध्ये आहे. १९८८ चा हंगाम कोरडा आणि १९८९ चा ओला होता, तर हंगामाप्रमाणे हे पॅरामीटर कसे हलतात ते बघण्यासारखं आहे. एक संध्याकाळ त्याला दे.

पण तुझ्या स्वतःच्या डेटावर लॉजिस्टिक बसवू नकोस असंच मी सांगेन. फवारणीनंतरच्या चार तारखा आणि त्यातली शेवटची उतरती, त्यावर तीन पॅरामीटर प्लॉटनुसार बदलते धरले तर मॉडेल धड बसणारच नाही. लॉजिस्टिक उतरत नाही, पानगळ त्याच्या गावीही नाही.

---

बांधावरून

आता पावसाचं आणि तारखांचं बोलतो, उशीर झाला.

६० आणि ६४. वापसा नाही म्हणून तुम्ही पूर्ण रेप्लिकेशन सोडली, म्हणजे एका रेप्लिकेशनमधल्या चारही ट्रीटमेंट एकाच दिवशी मोजल्या ना? मग त्या तारखेला ट्रीटमेंटची आपसातली तुलना शाबूत आहे, चार दिवसांचा फरक रेप्लिकेशनच्या खात्यात जातो. जर आधी सगळे टी-वन, मग सगळे टी-टू असं मोजलं असतंत तर मात्र चार दिवसांची वाढ ट्रीटमेंट म्हणून दिसली असती आणि ते कोणत्याच मॉडेलने नीट सुटलं नसतं. आमच्या फार्मवर नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो, माप अर्धवट सोडायची वेळ आली तर रेप्लिकेशन पूर्ण करूनच बांधावर यायचं.

पण सीजीआर (पिकाच्या वाढीचा वेग) आणि आरजीआर काढताना भागाकार खऱ्या दिवसांनी कर. ४५ ते ६४ म्हणजे १९ दिवस, तू १५ ने भागलंस तर तीन रेप्लिकेशनमध्ये वेग सव्वापटीहून जास्त दिसणार, आणि पुढच्या ६४ ते ७५ या ११ दिवसांना १५ ने भागून तेवढाच कमी. सगळ्या थिसिसमध्ये १५ ने भागलेलं असतं, शेतात खरंच किती दिवस गेले ते कोणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक, दिवसांऐवजी उष्णतामान दिवस म्हणजे जीडीडी घ्यायचे का हे कोणीतरी विचारेलच. कमाल ३०, किमान २२ असेल तर सरासरी २६, सोयाबीनचं बेस तापमान १० धरतात, म्हणजे त्या दिवसाचे १६ जमा. तुझे सगळे प्लॉट एकाच दिवशी पेरलेले आणि एकच हंगाम, म्हणून एका तारखेला सगळ्यांचे जीडीडी सारखेच, ट्रीटमेंटच्या तुलनेत त्याने फारसा फरक पडणार नाही. पेरणीची तारीख हीच ट्रीटमेंट असती किंवा दोन वर्षांचा डेटा एकत्र करायचा असता तर मात्र नुसते दिवस चालले नसते, जूनमधल्या पेरणीचे ४५ दिवस आणि उशिराच्या पेरणीचे ४५ दिवस झाडाच्या दृष्टीने एक नव्हेत.

टूल्सबद्दल. ऑपस्टॅट आणि गोव्याच्या आयसीएआर संस्थेचं वॅस्प हे आपल्या आरबीडी, स्प्लिट प्लॉटला उत्तम, मी आजही वापरतो. पण कोरिलेशनचं स्ट्रक्चर सांगायचं असेल तर आर किंवा सॅस सारखं सॉफ्टवेअर लागेल.

---

काळीमाती

हो दादा, रेप्लिकेशन पूर्ण करूनच परत आलो होतो, आमच्या फील्ड असिस्टंट काकांचा तोच नियम. फील्ड बुकमधून खऱ्या तारखा भरल्या आता.

तर आता असं ठरवलंय: ड्राय मॅटरचा लॉग, ४५ ते ९० या चार तारखा, ३० चा आकडा कोव्हेरिएट, रेप्लिकेशन, ट्रीटमेंट, काळ आणि ट्रीटमेंट × काळ, प्लॉटनुसार सलग काळाचं कोरिलेशन. पण ९० ला घट आहे म्हटल्यावर काळ सरळ रेष म्हणून घेऊ की फॅक्टर म्हणून? आणि गाइड सर म्हणतात टेबलमध्ये सीडी दिसलीच पाहिजे, त्याचं काय करू?

---

ओपीडीनंतर

फॅक्टर. आमच्याकडे एमएमआरएम (रिपीटेड मेझर्ससाठीचं मिक्स्ड मॉडेल) म्हणतात ते हेच, व्हिजिट फॅक्टर म्हणून, काळाच्या आकाराबद्दल काही गृहीत धरायचं नाही. चार तारखांना अनस्ट्रक्चर्ड कोव्हेरिअन्स (दर दोन तारखांचं नातं वेगळं मोकळं सोडलेलं) घेतलं तर १० पॅरामीटर होतात, २० प्लॉटांत ते ओढाताणीचं आहे, सहा तारखांना तर २१ झाले असते. म्हणून कोरिलेशन साधं ठेव, पण सरासरी मोकळी सोड. आणि लहान डेटा आहे तर डीएफसाठी केनवर्ड-रॉजर पद्धत वापर, आर मध्ये एमएमआरएम याच नावाचं पॅकेज आहे त्यात सलग अंतरावरचं कोरिलेशन आणि केनवर्ड-रॉजर दोन्ही मिळतं.

---

चलपद

मॅडमशी सहमत, फक्त एक भर. फॅक्टर घेतलास की इंटरॅक्शनला ९ डीएफ लागतात, ट्रीटमेंटचे ३ गुणिले तारखांचे ३, आणि तुझा खरा प्रश्न एवढा पसरलेला नाही. म्हणून फॅक्टर म्हणून मॉडेल बसव आणि त्यातून तुझ्या प्रश्नाची दोनच तुलना काढ. पहिली, ४५ ते ७५ मधली वाढ (लॉगमधला फरक भागिले दिवस) प्रत्येक फवारणीत कंट्रोलपेक्षा वेगळी आहे का. दुसरी, ७५ ते ९० मधली घट वेगळी आहे का, म्हणजे फवारणीने पानं जास्त दिवस टिकली का. पानांवरच्या फवारणीबद्दल शेतकऱ्याला शेवटी हेच हवं असतं. या तुलना निकाल बघायच्या आधी कागदावर लिहून गाइड सरांना दाखव, नंतर सोयीची निवडली असं कोणी म्हणायला नको.

६४ व्या दिवसाचं, फॅक्टरमध्ये त्याचं नाव ६० च राहू दे, पण कोरिलेशनमध्ये आणि वेगाच्या भागाकारात खरा दिवस जाऊ दे. सुदैवाने पहिल्या तुलनेची दोन्ही टोकं ४५ आणि ७५ आहेत, पाऊस मधे पडला.

सीडी द्यायला काहीच हरकत नाही. मॉडेलमधून प्रत्येक तारखेची अंदाजित सरासरी आणि दोन ट्रीटमेंटमधल्या फरकाची स्टँडर्ड एरर मिळते, तिला त्या डीएफच्या टी-व्हॅल्यूने गुण, तीच तुझी सीडी. लॉगवर काढलेली आहे हे टेबलखाली लिही आणि सरासरी परत ग्रॅममध्ये आणून शेजारच्या कॉलममध्ये दे. तारखेनिहाय जुनं टेबल परिशिष्टात टाक, ४५ एस, ६० एनएस हे शब्द मात्र निष्कर्षात आणू नकोस.

आणि हे सगळं चालवायच्या आधी २० प्लॉटांच्या २० रेषा एका आलेखावर काढ, चार ट्रीटमेंटचे चार रंग. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या रेप्लिकेशनच्या रेषा त्या दिवशी वर असणार, पण तो फरक रेप्लिकेशनच्या खात्यात जातो; ६० ला एनएस का आलं ते मला वाटतं पाणी साचलेला एखादा प्लॉट वेगळाच खाली असेल त्यावरून दिसेल. तसा प्लॉट निघाला तर काढून टाकू नकोस, आलेख इथे टाक, बघू.